निवडणारे आणि निवडले जाणारे : अमेरिकी रेसिडेन्सी विभागांच्या समाजमाध्यमी पृष्ठांची चिकित्सा

प्रस्तावना

वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर विशेषज्ञ होण्यासाठी जे प्रशिक्षण घ्यावे लागते त्याला अमेरिकेत रेसिडेन्सी म्हणतात. विषयानुसार ते साधारणतः तीन ते सात वर्षे चालते. हे प्रशिक्षण देणाऱ्या रुग्णालयीन विभागांनी गेल्या काही वर्षांत इन्स्टाग्राम आणि ट्विटर (जुलै २०२३ पासून ‘एक्स’) या माध्यमांवर स्वतःची खाती उघडली असून, होतकरू उमेदवारांना आपल्याकडे आकृष्ट करणे हा त्यांचा उघड हेतू आहे. छायाचित्र, त्याखाली चार-दोन ओळींचा उल्हसित मजकूर आणि शेवटी खुणेचे शब्द असा या लेखनाचा साचा आता इतका रूढ झाला आहे की त्यास एक स्वतंत्र लेखनप्रकार मानण्यास हरकत नसावी.

या पृष्ठांविषयी वैद्यकीय नियतकालिकांतून जे लेखन झाले आहे ते बहुतांशी मोजणीचे आहे. किती विभागांची खाती आहेत, त्यांना किती अनुयायी आहेत, कोणत्या प्रकारच्या नोंदींना अधिक पसंती मिळते, यांची कोष्टके त्यात आढळतात. प्रस्तुत लेखात या पृष्ठांकडे एक संहिता म्हणून पाहावयाचे आहे. ही संहिता कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली आणि तीत काय लिहावयाचे टाळले, हे तीन प्रश्न येथे विचारले आहेत. त्यांतील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण या संहितेच्या आधारे एक तरुण डॉक्टर आपल्या आयुष्यातील काही वर्षे कोठे घालवावयाची याचा निर्णय घेत असतो, आणि तो निर्णय त्याला सहजासहजी बदलता येत नाही.

जुळणी आणि तिचे अर्थकारण

अमेरिकेतील रेसिडेन्सीच्या जागा १९५२ पासून एका मध्यवर्ती जुळणीद्वारे भरल्या जातात. आज ही व्यवस्था नॅशनल रेसिडेंट मॅचिंग प्रोग्रॅम ही संस्था चालविते. उमेदवार मुलाखती देतात, नंतर विभागांची पसंतीक्रमाने यादी करतात. विभागही उमेदवारांची अशीच यादी करतात. दोन्ही याद्या संगणकात जातात आणि मार्च महिन्यातील तिसऱ्या शुक्रवारी कोण कोठे जाणार हे जाहीर होते. लागलेली जुळणी उभय पक्षांवर बंधनकारक असते. २०२४ च्या जुळणीत चाळीस हजारांहून अधिक जागा होत्या, यावरून तिच्या व्याप्तीची कल्पना यावी.

या जुळणीमागील गणिताचा विवाहाशी संबंध आहे, आणि तो केवळ उपमेपुरता नाही. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ले यांनी १९६२ साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात महाविद्यालयीन प्रवेश आणि विवाहाचे स्थैर्य हे दोन विषय एकत्रच हाताळले होते. पुढे ॲल्विन रॉथ यांनी याच विचाराच्या आधारे डॉक्टरांच्या जुळणीची पद्धती सुधारली. ती १९९८ च्या जुळणीपासून अमलात आली, आणि २०१२ साली रॉथ व शॅप्ले यांना अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक मिळाले. वधूवर सूचक मंडळांची परंपरा असलेल्या मराठी वाचकास हा प्रकार परका वाटू नये. मात्र आपल्याकडे स्थळ पाहताना पगार, घर, देणेघेणे यांची उघड वा आडून चौकशी होते. अमेरिकी जुळणीत उमेदवाराला वेतनाची घासाघीस करण्याची सोयच नाही. एकाच रुग्णालयात एकाच वर्षाला असणाऱ्या निवासी डॉक्टरांचे वेतन, विषय कोणताही असो, साधारणतः सारखेच असते.

ही व्यवस्था वेतने दाबून ठेवते, असा आरोप करणारा दावा २००२ साली काही निवासी डॉक्टरांनी दाखल केला होता. २००४ साली अमेरिकी संसदेने निवृत्तिवेतनविषयक एका विधेयकाच्या पोटात तरतूद घालून जुळणीला मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेतून संरक्षण दिले आणि तो दावा निकालात निघाला. डॉक्टरांच्या वेतनाचा प्रश्न पेन्शनच्या कायद्यात सुटावा ही गोष्ट स्वतंत्र चिंतनाचा विषय आहे! आपल्या विषयापुरते इतकेच लक्षात घ्यावयाचे की, ज्या बाजारात किमतीची स्पर्धा नाही त्या बाजारात स्पर्धा नाहीशी होत नाही, ती दुसरीकडे सरकते. विभागांनी एकमेकांशी स्पर्धा करावयाची ती मग नावलौकिकावर, शहराच्या रमणीयतेवर आणि ‘वातावरणा’वर. समाजमाध्यमांवरील पृष्ठे ही या वातावरणाची दुकाने आहेत.

ही दुकाने एकाएकी वाढली ती २०२० मध्ये. त्या वर्षाच्या मे महिन्यात अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणसंस्थांच्या संयुक्त मंडळाने सर्व मुलाखती दूरस्थ पद्धतीने घ्याव्यात अशी शिफारस केली. परगावच्या रुग्णालयात महिनाभर राहून काम करण्याची, म्हणजे विभागाला आपण आणि आपल्याला विभाग दिसण्याची, जी प्रथा होती तीही बव्हंशी थांबली. भर म्हणून जानेवारी २०२२ पासून परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा गुणांक देणे बंद होऊन केवळ ‘उत्तीर्ण’ वा ‘अनुत्तीर्ण’ असा निकाल लागू झाला. उमेदवाराच्या डोळ्यांसमोरून रुग्णालय गेले आणि विभागाच्या डोळ्यांसमोरून एक मोठा आकडा गेला. ही पोकळी भरून काढण्यासाठी चित्रे पुढे आली.

या बदलाचा लाभ झाला नाही असे नाही. मुलाखतींसाठी देशभर विमानाने हिंडण्यात उमेदवाराचे अनेक हजार डॉलर खर्च होत असत, ते वाचले. ज्यांच्या महाविद्यालयात मज्जाशल्यशास्त्रासारख्या विषयाचा स्वतःचा प्रशिक्षण विभागच नाही अशा विद्यार्थ्यांना दूरच्या विभागांतील अध्यापकांशी थेट बोलता आले. पूर्वी ही सोय ओळखीपाळखीच्या आधारेच होत असे. हा लाभ खरा आहे आणि पुढील टीकेत तो विसरण्याचे कारण नाही.

चित्रात काय आहे, काय नाही

या पृष्ठांची पाने चाळू लागले असता प्रथम लक्षात येते ती त्यांची विलक्षण समानता. नव्याने रुजू झालेल्या तुकडीतील प्रत्येकाचे हसरे छायाचित्र, त्याचे गाव, त्याचे छंद, त्याचा कुत्रा. मागोमाग ‘मी हाच विभाग का निवडला’ या प्रश्नाचे उत्तर, जे बहुतेक वेळा ‘येथील माणसे’ असे असते. नंतर तळ्याकाठची सहल, शहरातील उपाहारगृहे, कोणाचा तरी वाढदिवस, कोणाचे तरी बारसे, पदवीदानाचे टोपी-झगे. मधूनच एखादा निवासी डॉक्टर एक दिवसापुरते खाते स्वतःच्या हाती घेऊन पहाटेच्या कॉफीपासून संध्याकाळच्या व्यायामशाळेपर्यंतचा दिनक्रम दाखवितो. मेन राज्यातील विभाग आणि टेक्सासमधील विभाग यांत फरक दिसतो तो पार्श्वभूमीच्या झाडांचा.

या संहितेतून रुग्ण पूर्णपणे गायब आहे. त्याचे एक कारण योग्यच आहे. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने रुग्णाच्या माहितीची गोपनीयता संरक्षित आहे आणि त्याचे छायाचित्र परवानगीवाचून प्रसिद्ध करता येत नाही. परंतु या रास्त बंधनाचा एक अनपेक्षित परिणाम असा की रुग्णालयातील जे काम ते सारेच चौकटीबाहेर राहते आणि उरते ती केवळ फुरसत. ज्या प्रशिक्षणात आठवड्याला ऐंशी तासांपर्यंत काम करावे लागू शकते, त्याचे दर्शन सुट्टीच्या शिबिरासारखे होते. ऐंशी तासांची ही मर्यादादेखील २००३ मध्ये देशभर लागू झाली आणि ती चार आठवड्यांच्या सरासरीने मोजली जाते, म्हणजे एखादा आठवडा त्याहून दीर्घ असू शकतो. या मर्यादेमागे १९८४ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात झालेला लिबी झायन या अठरा वर्षांच्या तरुणीचा मृत्यू आणि त्यानंतरचा दीर्घ वाद आहे. थकलेला निवासी डॉक्टर हा अमेरिकी वैद्यकशिक्षणाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न असताना विभागांच्या पृष्ठांवर थकलेला चेहरा अपवादानेही आढळू नये, ही बाब बोलकी आहे.

या संहितेचा सर्वांत लाडका शब्द ‘कुटुंब’ हा होय. आम्ही सहकारी नाही, कुटुंब आहोत, हे वाक्य नाना रूपांत पुनःपुन्हा येते. शब्दाचा हा वापर तपासून पाहण्याजोगा आहे. कुटुंबात हिशेब मागता येत नाही. कुटुंबात जादा काम हे काम नसून कर्तव्य असते. कुटुंबातून निघून गेलेल्या माणसाविषयी बाहेर बोलावयाचे नसते. जो निवासी डॉक्टर दुसऱ्या वर्षी विभाग सोडून गेला त्याचे छायाचित्र पुढील गटचित्रांत नसते, एवढाच त्याचा उल्लेख. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्या साहित्याची आपल्याला पुरेशी ओळख आहे. त्या गोडव्यांत धाकट्या सुनेचा आवाज कितीसा ऐकू येतो हेही आपण जाणतो.

येथे लेखक कोण, हा प्रश्न येतो. ही खाती पुष्कळदा विभागातील निवासी डॉक्टरच चालवितात. एखादा उत्साही कनिष्ठ वा त्या वर्षीचा मुख्य निवासी डॉक्टर आपल्या उरल्यासुरल्या वेळात छायाचित्रे जमवितो आणि मजकूर लिहितो. त्यामुळे पृष्ठाला प्रत्यक्ष अनुभवाचा वास येतो आणि उमेदवाराला वाटते की हे विभागप्रमुखाचे बोलणे नसून आपल्यासारख्याच एका तरुणाचे मनोगत आहे. वस्तुतः ज्याचे मूल्यमापन, शिफारसपत्र आणि पुढील फेलोशिप ज्या विभागाच्या हाती आहे, त्याच्याकडून त्या विभागाविषयी साक्ष घेतली जात आहे. ही साक्ष खोटी असेलच असे नाही. पण ती साक्ष म्हणून ग्राह्य नाही.

मागे घेतलेला एक शोधनिबंध

या पृष्ठांचे खरे स्वरूप ध्यानात येण्यासाठी त्यांच्या शेजारी दुसरी एक संहिता ठेवून वाचणे उपयुक्त ठरते. विभागांनी उमेदवारांना स्वतःचे दर्शन घडविण्यापूर्वी कितीतरी वर्षे उमेदवारांनाच न्याहाळण्याचा प्रघात पडला होता. २०१० च्या आगेमागे अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकांत, निवड समितीने अर्जदाराचे फेसबुक तपासावे काय, यावर गंभीर चर्चा चालू होती. या परंपरेचे टोक म्हणजे रक्तवाहिनी शल्यचिकित्सेच्या ‘जर्नल ऑफ व्हॅस्क्युलर सर्जरी’ या नियतकालिकात डिसेंबर २०१९ मध्ये ऑनलाइन आणि ऑगस्ट २०२० च्या अंकात छापील स्वरूपात आलेला एक निबंध. तरुण रक्तवाहिनी शल्यविशारदांच्या समाजमाध्यमांवरील ‘अव्यावसायिक’ मजकुराचे प्रमाण काढणे हा त्याचा विषय होता.

संशोधकांनी २०१६ ते २०१८ या काळात प्रशिक्षण पूर्ण केलेल्या ४८० जणांचा शोध घेतला. त्यांपैकी २३५ जणांची खाती उघड असल्याचे आढळले. ती पाहण्यासाठी संशोधकांनी स्वतःची ओळख न देणारी तटस्थ खाती तयार केली. या २३५ पैकी सुमारे एक चतुर्थांश खात्यांवर त्यांना अव्यावसायिक किंवा तशी शंका यावी असा मजकूर दिसला. शंकास्पद मजकुराच्या वर्गवारीत मद्याचा पेला, वादग्रस्त राजकीय वा धार्मिक मत आणि पोहण्याच्या वेषातील छायाचित्र यांचा समावेश होता. जुलै २०२० मध्ये याविरुद्ध संतापाची लाट उसळली. जगभरातील डॉक्टर स्त्रियांनी, आणि काही पुरुषांनीही, समुद्रकिनाऱ्यावरील स्वतःची छायाचित्रे ‘मेडबिकिनी’ या खुणेच्या शब्दाखाली प्रसिद्ध केली. निबंध मागे घेण्यात आला. प्रशिक्षणार्थींची माहिती या कामासाठी वापरण्याची रीतसर परवानगी नव्हती आणि मूल्यमापन पूर्वग्रहदूषित होते, हे संपादकांना मान्य करावे लागले. प्रामुख्याने पुरुष लेखकांच्या देखरेखीखाली कनिष्ठ पुरुष विद्यार्थ्यांनी व प्रशिक्षणार्थींनी ही छाननी केली होती.

या प्रकरणाची चर्चा स्त्री-पुरुष विषमतेच्या अंगाने पुष्कळ झाली आणि ती व्हावयासच हवी होती. त्यातील दुसरे एक अंग मात्र दुर्लक्षित राहिले. हा निबंध मागे घेतला गेला तो उन्हाळा आणि विभागांनी नवी खाती धडाक्याने उघडली तो उन्हाळा एकच आहे. त्या खात्यांवर काय होते? समुद्रकिनारा होता, पेले उंचावलेले हात होते, विभागाची सहल होती. तीच वाळू आणि तोच पेला व्यक्तीच्या खात्यावर दोष ठरतो आणि विभागाच्या खात्यावर ‘येथील आनंदी वातावरणा’चा पुरावा ठरतो. म्हणजे चित्राचा अर्थ चित्रात नसून ते पाहण्याचा अधिकार कोणाकडे आहे यात आहे. निवडणारा पाहतो तेव्हा ती चौकशी असते. निवडला जाणारा पाहतो तेव्हा त्याच्यापुढे जाहिरात असते. समाजमाध्यमांनी भरतीची प्रक्रिया लोकशाही स्वरूपाची केली, दोन्ही बाजू एकमेकींस खुल्या झाल्या, असे जे प्रतिपादन वैद्यकीय नियतकालिकांतून केले जाते ते या कसोटीवर टिकत नाही.

ज्या पाहण्यांच्या आधारे हे प्रतिपादन केले जाते त्यांविषयीही थोडे म्हणावे लागेल. ‘तुमच्या पसंतीक्रमावर समाजमाध्यमांचा प्रभाव पडला काय’ असा प्रश्न उमेदवाराला विचारून त्याचे उत्तर टक्केवारीत मांडणे ही त्यांची नेहमीची रीत आहे. जाहिरातीचा आपल्यावर परिणाम झाला, असे माणसे सहसा कबूल करीत नाहीत, आणि झालेला परिणाम त्यांना नेहमी कळतोच असेही नाही. त्याहून मोठी उणीव अशी की हा प्रश्न जुळणीपूर्वी वा जुळणीच्या सुमारास विचारला जातो. दीड-दोन वर्षे रात्रपाळ्या केल्यानंतर त्याच डॉक्टरला ते जुने पृष्ठ पुन्हा दाखवून ‘हे खरे होते काय’ असे विचारणारे संशोधन हाती लागणे कठीण.

दुरून पाहणारा उमेदवार

अमेरिकी उमेदवाराला निदान ओळखीचा कोणी भेटू शकतो. आपल्या महाविद्यालयातून पूर्वी तेथे गेलेला एखादा, फोनवर खरे सांगणारा. मुंबई, पुणे वा नागपूरच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन परवाना परीक्षा देणाऱ्या मराठी डॉक्टरला हा आधार क्वचित असतो, आणि जेथे असतो तेथे तो एखाद-दुसऱ्या शहरापुरता असतो. अमेरिकी महाविद्यालयांतील अंतिम वर्षाच्या एम.डी. विद्यार्थ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना जुळणीत जागा मिळते. अमेरिकी नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास राहते. साहजिकच त्यांची निवड ही निवड कमी आणि मिळेल ते स्वीकारणे अधिक असते. अशा उमेदवारास विभागाच्या पृष्ठावर खरे शोधावयाचे असते ते निराळेच. येथे परदेशी पदवीधर घेतात काय, कोणत्या व्हिसावर घेतात, आणि घेतल्यावर त्यांना कसे वागवितात? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कधी कधी मिळतात. तिसऱ्यासाठी तो गटचित्रांतील चेहरे आणि नावे मोजतो. एखादे देशपांडे वा रेड्डी दिसले की त्याला धीर येतो. विभागालाही हे ठाऊक असते, आणि म्हणून एकच चेहरा अनेक चित्रांत अग्रभागी येण्याचा संभव असतो.

जून २०२५ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने विद्यार्थी व विनिमय अभ्यागत व्हिसाच्या अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरील खाती सर्वांस खुली करण्याची सूचना दिली. रेसिडेन्सीसाठी जाणारे परदेशी डॉक्टर मोठ्या संख्येने ज्या जे-१ व्हिसावर जातात तो यातच येतो. मे महिन्याच्या अखेरीपासून नव्या मुलाखतींच्या तारखा देणेही काही आठवडे थांबविले गेले होते, आणि जुळणी लागून १ जुलैच्या सुमारास रुजू व्हावयाचे असलेले डॉक्टर त्यात अडकले. विभागाने निवडलेला उमेदवार आता आणखी एका परीक्षकापुढे आपले खाजगी आयुष्य उघडून बसला. मागे घेतलेल्या त्या निबंधातील छाननी एका नियतकालिकापुरती होती. ही छाननी सरकारी आहे आणि ती मागे घेण्याची मागणी करावयास अर्जदाराला व्यासपीठ नाही.

आपल्याकडील व्यवस्था याच्या नेमकी उलट आहे. नीट-पीजी परीक्षेच्या क्रमांकावर जागा मिळत असल्याने शासकीय महाविद्यालयाला उमेदवाराचे मन वळविण्याची गरजच पडत नाही. त्यामुळे भारतीय विभागांची पृष्ठे असली तरी त्यांत सत्कारांची व परिषदांचीच छायाचित्रे अधिक. समुपदेशनाच्या दिवसांत खरी माहिती वाहते ती व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरील गटांतून. तेथे ड्युटी किती तासांची, वरिष्ठ कसे, विद्यावेतन वेळेवर मिळते काय, वसतिगृहाच्या एका खोलीत किती जण, शस्त्रक्रिया प्रत्यक्ष हातांनी करावयास मिळते की केवळ कागद भरावे लागतात, याची रोखठोक विचारपूस चालते. ही संहिता निनावी आहे, उद्धट आहे, काही वेळा सूडबुद्धीची आहे. तिच्यावर डोळे मिटून विसंबणे धोक्याचे आहे. पण विद्यावेतन आणि वसतिगृहे यांसाठी महाराष्ट्रातील निवासी डॉक्टरांच्या मार्ड या संघटनेने वेळोवेळी जे संप केले, त्यांतील प्रश्न या गटांत आधीपासूनच बोलले जात होते. अमेरिकी विभागांच्या देखण्या पृष्ठांवरून तेथील निवासी डॉक्टरांत कामगार संघटनांची जी वाढ गेल्या काही वर्षांत झाली, तिचा सुगावाही लागला नसता.

उमेदवाराला हवी असलेली माहिती अस्तित्वातच नाही असेही नाही. अमेरिकेत रेसिडेन्सीला मान्यता देणारी एसीजीएमई ही परिषद दरवर्षी निवासी डॉक्टरांचे सर्वेक्षण करते. कामाचे तास, वरिष्ठांची देखरेख, तक्रार केल्यास सूड घेतला जाण्याची भीती, असे प्रश्न त्यात असतात. एखाद्या विभागातून पुरेशी उत्तरे आली म्हणजे त्यांचा एकत्रित अहवाल तयार होतो. तो परिषदेकडे जातो आणि त्या विभागाच्या प्रमुखाकडे जातो. विभागाची मान्यता कायम आहे की त्यास ताकीद मिळाली आहे, एवढे कोणासही पाहता येते. अहवाल मात्र उमेदवाराला पाहावयास मिळत नाही. विभागप्रमुखाने ठरविले तर त्यातील कामाच्या तासांचा तक्ता तळ्याकाठच्या छायाचित्राशेजारी लावण्यास दोन मिनिटे पुरतील.